पाणीवाली बाई : ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत

 हातातली कामं आटोपली असतील तर बसा निवांत. आटोपली नसतील तर भाजी निवडता निवडता ऐका. रेडिओचं हे बरं असतं, हात चालू ठेवून ऐकता येतं.

आज एका बाईची गोष्ट सांगायची आहे. ती ग्रामपंचायतीत बसली, मुंबई महानगरपालिकेत बसली, विधानसभेत बसली आणि लोकसभेतही बसली. लोक तिला 'पाणीवाली बाई' म्हणायचे. नाव मृणाल गोरे. गोरेगावची माणसं मृणालताई म्हणत, आपणही तसंच म्हणू.

ही गोष्ट आजच का? आपल्या गटांतल्या कितीतरी जणी आता पंचायतीत निवडून आल्या आहेत. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. निवडणूक होते, गुलाल उधळला जातो, फोटो निघतो. मग घरी आल्यावर प्रश्न पडतो, की आता तिथे जाऊन करायचं काय? बैठकीला गेलं तर कोणी विचारत नाही, सही तेवढी मागतात. काही ठिकाणी तर सहीपुरताच कागद घरी येतो आणि बैठकीला नवरा जातो. निवडून येणं आणि काम करणं यात मोठं अंतर आहे. हे अंतर एका बाईनं कसं ओलांडलं ते आज बघू.

आधी गोरेगाव डोळ्यांसमोर आणा. आज पश्चिम रेल्वेनं अंधेरीहून बोरिवलीकडे निघालं की वाटेत गोरेगाव लागतं. उंच इमारती, मॉल, गाड्यांच्या रांगा. पण १९५० च्या सुमाराला तिथे गावच होतं. पूर्वेला आरे कॉलनी नवीनच झाली होती, १९४९ साली. मुंबईची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरीपर्यंतची उपनगरं घेत वाढली आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. त्याआधी गोरेगावला तुमच्या-माझ्या गावासारखी ग्रामपंचायत होती. मृणालताईंची सुरुवात त्याच ग्रामपंचायतीतून झाली, हे ध्यानात ठेवा.

त्यांचा जन्म २४ जून १९२८ चा. माहेरचं आडनाव मोहिले. शिकलेलं घर होतं, त्या स्वतः हुशार होत्या, डॉक्टरकीचं शिक्षण घेत होत्या. त्या काळात मुलगी डॉक्टर होणार म्हणजे केवढी गोष्ट! पण राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी पक्षाच्या कामात त्या ओढल्या गेल्या आणि शिक्षण अर्धवट सोडून पूर्णवेळ कार्यकर्त्या झाल्या. १९४८ साली केशव गोरे यांच्याशी लग्न केलं. लोक त्यांना बंडू गोरे म्हणत. लग्न आंतरजातीय होतं. दोघं गोरेगावात राहिले आणि तिथेच कामाला लागले.

काम कुठून सुरू केलं? महिला मंडळातून. बायकांना एकत्र करायचं, कुटुंबनियोजनाची माहिती द्यायची, आजारपण-बाळंतपणाबद्दल बोलायचं. त्या काळी कुटुंबनियोजन हा शब्द चारचौघांत उच्चारायलाही बायका लाजत. पण लागोपाठच्या बाळंतपणांनी अंग कसं मोडतं ते प्रत्येकीला ठाऊक होतं. घराघरांत जाऊन बोलल्यामुळे मृणालताईंना गोरेगावची घरं आतून कळली. चूल कुठे आहे, पाणी कुठून येतं, शौचाला कुठे जातात. पुढाऱ्याला गावाचा रस्ता माहीत असतो. बायकांमध्ये काम करणाऱ्या बाईला घराचं मागचं दारही माहीत असतं. पंचायतीत गेल्यावर आणि पुढेही हीच माहिती त्यांच्या कामी आली.

१९५८ साली केशव गोरे गेले. मृणालताई तिशीच्या उंबरठ्यावर होत्या, पदरात लहान मुलगी. आपल्याकडे अशा वेळी काय होतं ते सांगायला नको. चार माणसं म्हणतात, आता घर सांभाळ, मुलगी मोठी कर. मृणालताईंनी मुलगीही वाढवली आणि कामही सोडलं नाही. पतीच्या नावानं गोरेगावात केशव गोरे स्मारक ट्रस्ट उभा राहिला. तिथे आजही कामं चालतात.

१९६१ मध्ये त्या मुंबई महानगरपालिकेत निवडून गेल्या. आता येतो पाण्याचा प्रश्न.

मुंबईला पाणी कुठून येतं? विहार आणि तुळशी हे दोन तलाव उपनगरांच्याच डोंगरांत आहेत. विहार १८६० च्या सुमाराचा, तुळशी त्यानंतर वीसेक वर्षांचा. पुढे ठाणे जिल्ह्यात तानसा झाला, १८९२ मध्ये. वैतरणेवरचं मोडकसागर १९५७ मध्ये. पाणी वाहत होतं ते मुख्यतः जुन्या शहराकडे. उपनगरं मागून आली, वस्ती भराभर वाढली. गिरण्या-कारखान्यांत काम करायला माणसं येत होती, मिळेल तिथे झोपडी बांधत होती. तलाव उशाशी आणि नळ कोरडा, अशी गत. झोपडपट्टीला तर नळ मिळायचाच नाही. वस्ती अनधिकृत, मग पाणी कसं द्यायचं, असा नियमाचा आधार घेतला जायचा.

शहापूरकडच्या मैत्रिणींना हे ऐकून काय वाटत असेल ते मला कळतं. मुंबईचं पाणी तुमच्या तालुक्यातल्या धरणांतून जातं आणि उन्हाळ्यात तुमच्याच पाड्यावर टँकरची वाट बघावी लागते. पाणी कुठे आहे यावरून ते कोणाला मिळणार हे ठरत नाही. मागायला कोण उभं आहे, आणि ठरवणाऱ्या खोलीत कोण बसलं आहे, यावर ते ठरतं. मृणालताईंनी ही गोष्ट फार लवकर ओळखली.

त्यांनी काय केलं? दोन्ही बाजूंनी काम केलं. बाहेर रस्त्यावर बायका रिकामे हंडे, कळश्या घेऊन मोर्चे काढत, अधिकाऱ्यांना घेराव घालत. आणि आत सभागृहात मृणालताई नगरसेविका म्हणून तोच प्रश्न विचारत. नुसता मोर्चा काढला तर साहेब निवेदन घेतो, चहा पाजतो आणि कागद ठेवून देतो. नुसतं सभागृहात बोललं तर एकटी बाई काय बोलते म्हणून सोडून देतात. पण बाहेर हंडेवाल्या उभ्या आहेत आणि आत त्यांचीच बाई प्रश्न विचारते आहे, म्हटल्यावर उत्तर द्यावं लागतं. यातूनच 'पाणीवाली बाई' हे नाव पडलं. लोकांनी दिलेली पदवी ती, कुठल्या समारंभात मिळालेली नव्हे.

त्यांची मांडणी साधी होती. झोपडी अधिकृत की अनधिकृत हा वाद चालू राहू दे, पण तहान अनधिकृत नसते. माणसाला पाणी लागतंच. पुढे, मृणालताई गेल्यानंतर, २०१४ च्या डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही हेच सांगितलं, की वस्ती बेकायदा आहे म्हणून माणसांना पाणी नाकारता येणार नाही, पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. रस्त्यावरच्या बायका जे पन्नास वर्षं सांगत होत्या, ते कायद्याच्या भाषेत यायला इतका वेळ लागला.

१९७२ साली मृणालताई विधानसभेवर निवडून गेल्या. ते साल तुमच्या सासूबाईंना किंवा आजीला विचारा. बहात्तरचा दुष्काळ! गावोगावी खडी फोडायची कामं, सुकडी, रेशनवरचा तांबडा मिलो. गावात अन्न नाही आणि शहरात महागाई. साखर, गोडेतेल, रॉकेल मिळेना, मिळालं तर दर परवडेना.

त्या वर्षी मुंबईत बायकांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन केली. यात एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मृणालताई समाजवादी. अहिल्याताई रांगणेकर मार्क्सवादी कम्युनिस्ट. तारा रेड्डी कम्युनिस्ट. प्रमिलाताई दंडवते समाजवादी. यांचे पक्ष निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभे राहत. तरीही रॉकेल आणि साखर या विषयावर त्या एका व्यासपीठावर आल्या. आपल्या गावात काय होतं? ती त्यांच्या पार्टीची, ही आमच्या पार्टीची, म्हणून हळदीकुंकवालासुद्धा दोन वेगळे मांडव. आणि हंडा मात्र दोघींचा रिकामाच.

या समितीनं लाटणं मोर्चा काढला. हजारो बायका हातात लाटणं घेऊन रस्त्यावर. काठी नाही, दगड नाही, घरातलं लाटणं. ठरल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजवायच्या, म्हणजे जी घराबाहेर पडू शकत नाही तीही सामील. बाळंतीण असेल, म्हातारी असेल, सासुरवासाची असेल, थाळी तर सगळ्यांकडेच होती. ज्या बायकांनी आयुष्यात कधी मोर्चा बघितला नव्हता त्या आल्या, कारण विषय त्यांच्या स्वयंपाकघरातला होता आणि हातातली वस्तूही.

१९७५ मध्ये आणीबाणी आली. सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांना तुरुंगात टाकलं जात होतं. मृणालताई काही काळ भूमिगत राहिल्या, मग पकडल्या गेल्या, तुरुंगवास भोगला. १९७७ मध्ये लोकसभेची निवडणूक झाली तेव्हा मुंबईच्या उत्तर भागातून, म्हणजे याच उपनगरांतून, त्या खासदार म्हणून निवडून आल्या. पंतप्रधान इंदिरा गांधी त्याच निवडणुकीत पडल्या. तेव्हा मुंबईत घोषणा झाली, पाणीवाली बाई दिल्लीत आणि दिल्लीवाली बाई पाण्यात! अजूनही जुनी माणसं ती हसून सांगतात.

त्या लोकसभेत किती बायका निवडून आल्या होत्या ठाऊक आहे? पाचशेहून जास्त जागा आणि बायका फक्त १९. त्यात मुंबईच्या दोघी, मृणालताई आणि अहिल्याताई. मंत्रिपद देऊ केलं गेलं होतं, ते मृणालताईंनी घेतलं नाही.

बायकांनी सभागृहात बसणं ही सगळ्या जगातच उशिरा घडलेली गोष्ट आहे. अमेरिकेसारख्या देशाचं उदाहरण घ्या. तिथल्या संसदेत पहिली बाई निवडून गेली १९१६ साली, माँटाना राज्यातून. नाव जेनेट रँकिन. गंमत अशी, की त्या वेळी अमेरिकेतल्या सगळ्या बायकांना मताचा अधिकारसुद्धा नव्हता, तो देशभर मिळाला १९२० मध्ये. म्हणजे जी बाई कायदे करायला बसली होती, तिच्या कितीतरी बहिणींना मत देता येत नव्हतं. ती आत जाऊन त्याच अधिकारासाठी बोलली. दार एकीनं उघडायचं आणि उघडं धरून ठेवायचं, म्हणजे मागच्या जणी आत येतात.

मृणालताईंनी असं एक दार आपल्या लेकींसाठी उघडलं. १९८५ मध्ये त्या पुन्हा विधानसभेत आल्या. त्या काळात गर्भजल परीक्षेचा सुळसुळाट झाला होता. परीक्षा मुळात गर्भातले आजार ओळखण्यासाठी. पण दवाखान्यांनी ती मुलगा की मुलगी हे सांगण्यासाठी वापरायला सुरुवात केली. मुंबईत त्याच्या उघड जाहिराती लागत. मुलगी निघाली की गर्भपात. हे थांबवावं म्हणून मुंबईतल्या स्त्री-संघटना, डॉक्टर, वकील एकत्र येऊन आवाज उठवत होते. पण आवाजाचा कायदा व्हायला सभागृहात कोणीतरी लागतं. तिथे मृणालताई होत्या. त्यांनी हा प्रश्न विधानसभेत लावून धरला, स्वतःचं अशासकीय विधेयक मांडलं.

अशासकीय विधेयक म्हणजे काय? कायद्याचा मसुदा बहुतेक वेळा सरकार आणतं. पण कुठलाही आमदार, मग तो विरोधी पक्षातला का असेना, स्वतःचा मसुदा मांडू शकतो. असे मसुदे क्वचितच मंजूर होतात. पण मांडल्यामुळे चर्चा होते, सरकारला बाजू घ्यावी लागते, वर्तमानपत्रांत येतं. शेवटी १९८८ मध्ये महाराष्ट्र सरकारनं गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला. देशात असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. त्यानंतर सहा वर्षांनी, १९९४ मध्ये, केंद्राचा कायदा आला. मृणालताई काही काळ विधानसभेत विरोधी पक्षनेत्याही होत्या.

कायदा झाला म्हणून काम संपलं का? आकडे ऐका. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३. २०११ मध्ये ८९४. कायदा होऊनही मुली कमी झाल्या. यंत्र बदललं, सोनोग्राफी गावोगावी पोचली, आणि आपल्या मनातली मुलाची हाव होती तिथेच राहिली. कायदा आपल्या हातात काठी देतो. ती उचलायची आपल्याला. आपल्या गटातली एखादी सून तिसऱ्यांदा गरोदर आहे आणि घरचे तिला गुपचूप दुसऱ्या जिल्ह्यात 'तपासायला' नेणार आहेत, हे गटाला कळतंच. तेव्हा गप्प बसायचं की बोलायचं, हे कुठलंही सभागृह ठरवत नाही. ते आपण ठरवतो. आणि बोलायचं ते त्या पोरीला दोष न देता. ती तर सगळ्यांत अडचणीत असते.

मृणालताईंची आणखी दोन कामं सांगते. गोरेगावात १९८३ मध्ये 'स्वाधार' हे केंद्र सुरू झालं, घरात त्रास होणाऱ्या बायकांना सल्ला आणि आधार देण्यासाठी. दुसरं, नागरी निवारा परिषद. बाबुराव सामंत आणि इतर साथींबरोबर मृणालताईंनी ही चळवळ केली. शहरातली अतिरिक्त जमीन बिल्डरांच्या घशात न जाता सामान्य माणसांच्या घरांसाठी मिळावी म्हणून त्या वर्षानुवर्षं सरकारशी आणि कोर्टात भांडल्या. गोरेगाव पूर्वेला दिंडोशीला आज नागरी निवाऱ्याची मोठी वसाहत उभी आहे. हजारो कुटुंबांना तिथे परवडणारी घरं मिळाली.

१७ जुलै २०१२ रोजी मृणालताई गेल्या, वयाच्या ८४ व्या वर्षी. गोरेगावच्या एका उड्डाणपुलाला आता त्यांचं नाव आहे. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात.

आता आपल्याकडे वळू. मृणालताईंच्या कामातून आपल्या गटानं काय उचलावं?

पहिली गोष्ट, माहिती. बोलण्याआधी मोजा. वाडीत घरं किती, नळ किती, पाणी किती दिवसांआड येतं, हातपंप चालू किती, बंद किती. वहीत लिहा, तारीख टाका. 'पाणी येत नाही हो' म्हटलं तर सरपंच म्हणतील, येतंय की. 'चाळीस घरांना तीन नळ आणि गेल्या महिन्यात अकरा दिवस पाणी' असं म्हटलं की बोलणं थांबतं आणि कागद उघडतो.

दुसरी, सभा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, हे आपल्या कायद्यातच आहे. ती कागदावर होते की खरी होते, ते बघा. खरी होत नसेल तर गटानं मिळून मागा. तिथे ठराव करा आणि तो ग्रामसभेत वाचून घ्या. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. इतिवृत्तात आपण बोललो तेच लिहिलं आहे का, ते वाचा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या लेकीला सोबत न्या. तिचंही शिक्षण होईल.

तिसरी, पैसा. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला आणि बालकल्याणासाठी खर्च करायचा असतो. मागच्या वर्षी तो किती होता आणि कशावर खर्च झाला, एवढं एकच वाक्य ग्रामसभेत विचारा. भांडण नको, आवाज चढवायला नको. नुसतं विचारा.

चौथी, पाणी समिती. जल जीवन मिशनच्या नियमांप्रमाणे गावाच्या पाणीपुरवठा समितीत निम्म्या बायका हव्यात. तुमच्या गावच्या समितीत कोण बायका आहेत? त्यांना स्वतःला ठाऊक आहे का की आपण समितीत आहोत? हसू नका, कितीतरी ठिकाणी नाव असतं आणि नाववालीलाच पत्ता नसतो.

आणि पाचवी, एकजूट. गटातली कोणी पंचायतीत निवडून गेली, तर तिला एकटी सोडू नका. ती बैठकीला जाईल त्या दिवशी तिच्या घरची दोन कामं वाटून घ्या. दोघी-तिघी तिच्यासोबत पंचायतीच्या दारापर्यंत जा, बाहेर थांबा. आत बसलेल्या बाईला दारात आपली माणसं उभी आहेत हे माहीत असलं की तिचा आवाज फुटतो. मृणालताईंच्या मागे हंडेवाल्या होत्या म्हणून त्या पाणीवाली बाई झाल्या. हंडेवाल्यांना आत बोलणारी मिळाली म्हणून त्यांना नळ मिळाले. दोघींना एकमेकींची गरज होती.

आपल्या घरात पाणी कोण भरतं? आपण. मग पाण्याचं ठरवताना आपण खोलीबाहेर का? या महिन्याच्या गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की दहा मिनिटं काढा. मघाशी सांगितलं ते मोजमाप कोणी कोणत्या वाडीत करायचं, ते वाटून घ्या. पुढच्या ग्रामसभेला वही घेऊन जा.

काय झालं ते आम्हाला कळवा. तुमच्या गावची गोष्ट याच रेडिओवर तुमच्याच आवाजात ऐकवू. आता भाजी निवडून झाली असेल. चला, लागा कामाला. नमस्कार.